पडद्यावरील दुकान आणि घरची कुरडई

चैत्र-वैशाखांत कोणत्याहि शेतकऱ्याच्या घरीं जावें, तों अंगणांत किंवा माळवदावर खाटा टाकलेल्या दिसतात आणि त्यांवर पसरलेल्या जुन्या लुगड्यांवर कुरडया, पापड, सांडगे, शेवया वाळत असतात. हा खटाटोप पूर्वीं घरच्या वर्षाच्या बेगमीपुरता असे. अलीकडे त्यांत विक्रीचा हेतु शिरला आहे, आणि तो योग्यच आहे. शेतांतला गहूं, उडीद, मिरची जशीच्या तशी बाजार-समितीच्या आवारांत नेऊन ओतण्यापेक्षां तिचा थोडा भाग घरांतच पक्का माल करून विकला, तर दोन पैसे अधिक हातीं राहतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. अडचण आहे ती गिऱ्हाइकाची. कुरडई खाणारा पुण्या-मुंबईस, आणि करणारी येथें खेड्यांत. या दोघांची गांठ घालून देण्यासाठीं मोबाइलच्या पडद्यावरचे ऑनलाइन बाजार निघाले आहेत. त्या बाजारांची मांडणी कशी असावी, याविषयीं आज कांहीं लिहावयाचें आहे. विषय यंत्रज्ञांचा दिसतो, पण ज्याच्या घरचा माल त्या पडद्यावर जातो त्याचाहि तो आहे.

आमच्या परिचयाच्या एका गांवीं बचतगटाच्या अकरा बायकांनीं गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यांत कुरडया, उडदाचे पापड आणि कैरीचें लोणचें असा माल अशा एका बाजारांत मांडला. बाजाराचें नांव देण्याचें कारण नाहीं. जे दोष पुढें सांगणार आहों ते त्या एकाचेच नव्हेत. गटानें गव्हासाठीं व प्लास्टिकच्या पिशव्यांसाठीं बँकेचें कर्ज काढलें होतें. मृग लागेपर्यंत कुरडयांचा जेमतेम तिसरा हिस्सा खपला. उरलेल्यांपैकीं कांहीं आषाढाच्या दमट हवेनें मऊ पडल्या, कांहीं नातेवाइकांत वाटल्या गेल्या, आणि कर्जाचा हप्ता बायकांनीं शेळ्या विकून भरला. याहून वाईट गोष्ट अशी कीं, "आपल्याला हें जमत नाहीं" असा त्या सर्वजणींनीं आपल्या मनाशीं निकाल करून टाकला. माल उत्तम होता. आम्हीं स्वतः तळून खाल्ला आहे. तेव्हां चूक बायकांची कीं दुकानाची, हें एकदां नीट पाहावें असें आमच्या मनानें घेतलें.

पाहण्याची रीत अगदीं साधी आहे. जेकब नील्सन या मांडणी-शास्त्राच्या जाणत्यानें सन २००० मध्यें असें लिहून ठेवलें आहे कीं, पांच माणसें एकेकटीं बसवून त्यांस एखादें काम करावयास सांगितलें आणि आपण नुसतें पाहत राहिलें, तर शेंकडा ८५ च्या आसपास दोष तेवढ्यांत सांपडतात. मोठ्या पाहणीची जरूर पडत नाहीं. आम्हीं त्याचप्रमाणें गटांतील पांचजणींस निरनिराळ्या दिवशीं बसवून, मोबाइल त्यांच्या हातीं देऊन, "पावशेर पापड विकावयास ठेवा" एवढेंच सांगितलें. कठीण काय असेल तर तें तोंड मिटून बसणें. आमच्यांतील एकाचा हात दोनदां तरी पुढें आला व काकूंनीं तो बाजूस सारला.

पहिलीच पायरी चढतां येईना. बाजारांत शिरण्यासाठीं मोबाइलवर येणारा आंकडा, ज्यास सर्व लोक ओटीपी म्हणतात, तो घालावा लागतो. पांचांपैकीं तिघींच्या खात्यास नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर जोडलेला होता, आणि तो मोबाइल त्या वेळीं शेतांत किंवा तालुक्याच्या गांवीं. काकूंनीं मुलास फोन लावला. त्यानें आंकडा सांगेपर्यंत त्याची मुदत संपली. दुसरा मागविला तर पोरगा ट्रॅक्टरवर चढलेला. "दादा, दुकान माझं, अन् किल्ली त्याच्या खिशांत," असें त्या म्हणाल्या. पुढील साऱ्या दोषांचें बीज या एका वाक्यांत आहे असें आम्हांस वाटतें. ज्यानें ही मांडणी केली त्याच्या डोळ्यांपुढें एक माणूस, एक मोबाइल, एक खातें असें चित्र होतें. शेतकऱ्याच्या घरांत काम एकीचें, मोबाइल दुसऱ्याचा आणि बँकेचें पुस्तक तिसऱ्याचें असूं शकतें.

दुसरी अडचण नांवांची. दुकानांत खाने होते ते "स्नॅक्स", "रेडी टु कुक", "कॉन्डिमेंट्स" असे, देवनागरींत लिहिलेले पण मराठी नव्हेत. कुरडई कोणत्या खान्यांत ठेवावयाची? एकीनें ती "स्नॅक्स" मध्यें ठेवली, तेथें ती चिवड्या-फरसाणाच्या गर्दींत हरवली. शोधणाऱ्याचीहि तीच गत. कुरडईस कोठें कुरवडी म्हणतात. गिऱ्हाईक रोमन लिपींत लिहूं लागलें म्हणजे चार जण चार प्रकारें लिहितात. खानदेशांत ज्वारीच्या पिठाचे बिबडे होतात, विदर्भांत सरगुंडे होतात, घाटाखालीं मिरगुंडें होतात. या नांवांस यंत्राच्या कोशांत जागाच नव्हती, म्हणून "बिबडे" लिहिलें कीं पडद्यावर "कांहीं सांपडलें नाहीं" असें येई. बिबडे तर तेथेंच होते, "ज्वारी पापड" या नांवाखालीं. किराणा दुकानदारास आपण कोणत्याहि नांवानें माल मागितला तरी त्याचा हात बरोबर त्या डब्याकडे जातो. पडद्यावरील दुकानदारास हें शिकवावें लागतें, आणि शिकवणें अवघड नाहीं: एका जिनसेपुढें तिचीं सर्व नांवें व लिहिण्याच्या सर्व तऱ्हा नोंदवून ठेवाव्या लागतात. मात्र तें काम गांवोगांवच्या बायकांस विचारूनच होईल.

आतां सर्वांत जिव्हारीं लागणाऱ्या बाबीकडे वळतों. कुरडईचा भाव किलोस ३२० रुपये लावला होता. बायकांच्या समजुतीप्रमाणें दलाली जाऊन पावणेतीनशेच्या वर हातीं यावयास पाहिजे होते. प्रत्यक्षांत आले १८५. दलाली व तिजवरील कर मिळून ३८ गेले हें ठीक. पण ९७ रुपये वाहतुकीचे कापले होते, आणि ते कां, हें कोणासच उमगेना. आम्हीं हिशेब उलगडून पाहिला तेव्हां असें दिसलें कीं, बहुतेक कुरियरवाले पार्सलाचें खरें वजन आणि त्याच्या आकारावरून काढलेलें वजन यांपैकीं जें जास्त असेल त्यावर भाडें घेतात. आकाराचें वजन काढण्याची त्यांची सर्वसाधारण रीत अशी: लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत मोजून गुणावी व गुणाकारास ५,००० नें भागावें, म्हणजे किलो येतात. कुरडई म्हणजे वाऱ्यानें फुगलेली वस्तु. एक किलो कुरडया न मोडतां बसाव्यात म्हणून बायकांनीं ३० लांब, २५ रुंद आणि २० उंच असें खोकें घेतलें. गुणाकार १५,०००, भागाकार ३. एक किलो मालास तीन किलोंचें भाडें! दुकानाच्या फॉर्मावर वजन विचारलें होतें. खोक्याचें माप विचारलेंच नव्हतें. गहूं, सरपण आणि पिशवी यांचा खर्च १४५ धरला तर तीन दिवस गहूं भिजविणें, वाटणें, चीक शिजविणें, सोऱ्यानें पाडणें व राखण करणें या सर्वांचे ४० रुपये उरले.

शेतकऱ्यास पट्टी ठाऊक आहे. आडत्याकडून माल विकून आला कीं तोलाई किती, हमाली किती, निव्वळ किती, हें तो कागदावर वाचतो आणि पुढच्या खेपेस शहाणा होतो. आम्हांस असें वाटूं लागलें कीं, पडद्यावरील दुकानांत पट्टी विक्रीनंतर न येतां भाव लावतांनाच समोर यावयास पाहिजे. बाईनें ३२० लिहितांच खालीं आंकडा उमटावा: "तुमच्या हातीं १८५". मग ती भाव वाढवील, खोकें लहान करील, किंवा कुरडई ऑनलाइन विकावयाची नाहीं, पापडच विकूं, असें ठरवील. पापड एकावर एक चळतीनें बसतात. त्यांचें खरें वजन व आकाराचें वजन यांत फारसा फरक पडत नाहीं. कोणता माल दूर पाठवावा आणि कोणता तालुक्याच्या आठवडी बाजारांतच विकावा, हें या एका आंकड्यानें कळलें असतें.

कायद्याच्या बाजूकडेहि मांडणी करणाऱ्याचें लक्ष पाहिजे, कारण तेथील चुकीची झळ त्यास लागत नाहीं, विकणारीस लागते. सन २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं घरीं माल करून विकणारीसहि नोंदणी करावी लागते. २०११ च्या नियमांनीं वार्षिक १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीच्या लहान धंद्यास वर्षास १०० रुपये फी ठेवली. नोंदणीचा क्रमांक १४ आंकडी असतो. त्या दुकानांत तो लिहावयाची चौकट एकसलग होती. काकू तीनदां चुकल्या, आणि दर वेळीं सारें पान पुसून गेलें. चार-चार आंकडे सोडून जागा ठेवली असती तर काम एका खेपेंत झालें असतें. ऑनलाइन विकलेला खाद्यपदार्थ पोंचतांना त्याच्या टिकाऊपणाचा शेंकडा ३० भाग अथवा ४५ दिवस शिल्लक असले पाहिजेत, असें प्राधिकरणाचें सांगणें आहे. डिंकाचा लाडू महिनाभर टिकतो असें धरलें तर ४५ दिवसांचा प्रश्नच येत नाहीं. शेंकडा ३० म्हणजे ९ दिवस शिल्लक पाहिजेत, म्हणजे वळल्यापासून २१ दिवसांच्या आंत तो गिऱ्हाइकाच्या घरीं गेला पाहिजे. हा हिशेब बाईनें बोटांवर करावयाचा कीं यंत्रानें? दुकानाच्या फॉर्मावर टिकाऊपणाची मुदत "महिने" या एकाच मापांत विचारली होती, त्यामुळें पुरणपोळी व लोणचें एकाच तागडींत बसलीं.

त्याहून महत्त्वाची बाब कराची. पूर्वीं ऑनलाइन बाजारांतून माल विकणाऱ्या प्रत्येकास, उलाढाल कितीहि लहान असो, जीएसटीची नोंदणी सक्तीची होती. ता. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती सक्ती लहान विक्रेत्यांपुरती उठली. परंतु अट अशी कीं, त्यानें आपल्या राज्याबाहेर माल विकूं नये, आणि पॅन दाखवून एक निराळा क्रमांक घ्यावा. आतां पाहा, आमच्या बायकांच्या दुकानांत "सर्व भारतांत पाठवूं" ही खूण आधींच केलेली होती. बंगळूरच्या एका मराठी घरानें लोणचें मागविलें, बायकांनीं आनंदानें पाठविलें, आणि नकळत सवलतीच्या बाहेर पाऊल पडलें. ही खूण मुळांत कोरी ठेवणें, आणि ती करूं गेल्यास "राज्याबाहेर विकल्यास जीएसटी नोंदणी लागेल" असें साध्या मराठींत सांगणें, एवढ्यानें तें टळलें असतें. ज्या गोष्टीची खूण आधींच करून ठेवलेली असते ती शंभरांतील नव्वद जण तशीच राहूं देतात, असा आमचा तरी अनुभव आहे. सोसायटीच्या छापील अर्जांतहि तेंच घडतें.

येथें परदेशांतील एक हकिगत सांगणें अवश्य आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांतील ओकलंड शहरीं सन २०१४ मध्यें जोसेफीन या नांवाचा घरगुती जेवणाचा ऑनलाइन बाजार निघाला. शेजारची बाई घरीं चार माणसांचें जास्त शिजविते, शेजाऱ्यानें पडद्यावर पाहून मागवावें व स्वतः जाऊन घेऊन यावें, अशी सोय होती. मांडणी सुरेख होती म्हणतात. पण त्या वेळच्या कायद्यास घरच्या चुलीवरचें ताजें जेवण विकणें मान्य नव्हतें. सन २०१६ मध्यें आरोग्य-खात्याच्या नोटिसा आल्या त्या स्वयंपाक करणाऱ्यांच्या नांवें. कंपनीनें कायदा बदलण्याची खटपट केली, तरी २०१८ च्या मार्चमध्यें तिला दुकान बंद करावें लागलें. आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत त्या प्रांतानें घरगुती स्वयंपाकघरांस परवाना देणारा कायदा मंजूर केला. त्या कायद्यानें दिवसास ३० व आठवड्यास ६० जेवणें, आणि वर्षास ५०,००० डॉलर विक्री अशी मर्यादा घातली. २०२३ च्या दुरुस्तीनें ती आठवड्यास ९० जेवणें व १,००,००० डॉलर झाली.

त्या मर्यादेंतून आपणांस घेण्याजोगी गोष्ट आहे. घरगुती मालास मर्यादा असतेच. कारखान्याच्या बिस्किटांप्रमाणें तो सदैव तयार नसतो. आमच्या बायकांच्या दुकानांत मालापुढें "उपलब्ध" किंवा "संपला" हे दोनच शब्द होते. अधिक महिन्यांत एका गिऱ्हाइकानें रात्रीं दहा वाजतां साठ अनारसे मागविले, दुसऱ्या दिवशीं पाहिजेत म्हणून. अनारशाचें पीठ करावयाचें तर तांदूळ तीन दिवस भिजावे लागतात. बायकांनीं नाहीं म्हटलें, आणि "मागणी नाकारली" असा डाग दुकानावर बसला. फॉर्मावर "सांगितल्यापासून किती दिवसांनीं तयार" आणि "एका दिवसांत जास्तींत जास्त किती" हे दोन प्रश्न असते, तर ती मागणी आलीच नसती.

सुधारलेली मांडणी आम्हीं प्रथम कागदावर केली. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मोबाइलच्या पडद्याएवढ्या चौकटी आंखल्या, प्रत्येक चौकटींत एकच प्रश्न लिहिला, आणि बायकांस बोटानें बटण "दाबावयास" सांगितलें; दाबलें कीं आम्हीं पुढची पत्रिका समोर ठेवावयाची. पोरखेळ वाटेल, पण एका दुपारींत सात वेळां मांडणी बदलली, आणि खर्च कांहींच झाला नाहीं. यंत्रांत लिहिल्यानंतर बदलावयाची असती तर महिना गेला असता. चित्रांविषयीं आम्हांस बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन-शाळेंत इंद्राणी मेधी यांनीं केलेल्या कामाचा उपयोग झाला. तेथील वस्तींतील घरकाम करणाऱ्या बायकांबरोबर त्यांनीं निरक्षरांसाठीं पडदे तयार केले, त्यांत असें आढळलें कीं, नुसत्या वस्तूच्या चित्रापेक्षां क्रिया दाखविणारें चित्र लवकर ओळखतां येतें. नळ काढावयाचा तर त्यांतून पाणी पडतांना काढावा. आम्ही "पाठविला" या खुणेसाठीं बाण काढला होता, तो कोणीच ओळखला नाहीं. खोकें हातांत घेऊन निघालेला माणूस काढला, तो सर्वांनीं ओळखला.

सर्वच युक्त्या साधल्या असें मात्र नव्हे. मालाचें वर्णन बोलून सांगावें व यंत्रानें तें लिहून घ्यावें, ही कल्पना आम्हांस फार आवडली होती. गिरणीच्या आवाजांत यंत्रास कांहीं ऐकूं येईना, आणि शांत खोलींतहि "चिकाची कुरडई" चें त्यानें "चिकूची कुरडई" केलें. बायका पोट धरधरून हंसल्या. ती युक्ति आम्हीं टाकली.

गिऱ्हाइकाची बाजू थोडक्यांत सांगतों, कारण ती तुलनेनें बरी होती. त्यास पाहिजे असतें तें हें कीं, पुड्यांत नग किती, तळल्यावर कसा दिसतो, माल केव्हां केला, आणि कोणाच्या हातचा. मोडक्या कुरडयांबद्दल तक्रारी बऱ्याच आल्या होत्या. पानावर "प्रवासांत कांहीं नग मोडतात, म्हणून किलोमागें पांच नग जादा घातले आहेत" हें एक वाक्य घातल्यावर त्या बहुतेक थांबल्या. शहरांतील गिऱ्हाइकास फसवणूक सहन होत नाहीं; मोडकी कुरडई होते.

कोणी म्हणेल, लिज्जत पापडास असलें कांहीं लागलें नाहीं. ता. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांत सातजणींनीं ८० रुपये उसने घेऊन तो धंदा आरंभिला, हें खरें. परंतु तेथें पीठ केंद्रावर मळलें जातें, बायका तें घरीं नेऊन लाटतात, आणि लाटलेले पापड केंद्रावर तपासून घेतात. गिऱ्हाइकास एकच नांव व एकच जाडी दिसते. ऑनलाइन बाजारांत प्रत्येक घर म्हणजे निराळें दुकान. जें काम तेथें केंद्र करतें, म्हणजे माप पाहणें, तारीख पाहणें, हिशेब समजावणें, तें येथें पडद्यावरील पानानें करावयाचें असतें, आणि पान तें करीत नसेल तर कोणीच करीत नाहीं.

आमच्या कागदी चौकटी आम्हीं बाजाराच्या चालकांकडे पाठविल्या. ते सज्जन निघाले. दोन मोबाइल नंबर जोडण्याची सोय त्यांनीं केली, खाने मराठींत केले, जिनसांचीं गांवठी नांवें मागवून घेतलीं, राज्याबाहेरची खूण कोरी केली, आणि तयारीचे दिवस विचारावयास आरंभ केला. खोक्याचें मापहि आतां विचारतात. एका बाबतींत मात्र ते अडून बसले: "तुमच्या हातीं इतके" हा आंकडा भावाखालीं उघड छापण्यास ते राजी नाहींत. तो पाहून विकणारीण बिचकेल व माल मांडणारच नाहीं, असें त्यांचें म्हणणें. आम्हीं उत्तर दिलें कीं, जी आज आंकडा पाहून बिचकेल ती उद्यां पैसे पाहून बिचकणारच आहे, आणि मग ती परत येणार नाहीं. शेवटीं तडजोड म्हणून तो आंकडा एका लहानशा बटणामागें ठेवला आहे. तें बटण किती जणी दाबतात हें चालकांस यंत्रावरून दिसतेंच. तो हिशेब आम्हीं मागितला आहे, अजून आला नाहीं.

यंदाच्या उन्हाळ्यांत गटानें कुरडया निम्म्याच केल्या, पापड दुप्पट लाटले, आणि खोक्यांऐवजीं पापडांच्या मापाचे चपटे डबे घेतले. वैशाख सरतां सरतां पापड संपले. काकूंच्या स्वयंपाकघरांत, चुलीशेजारच्या भिंतीवर, कोळशानें एक कोष्टक लिहिलेलें आहे: डाव्या बाजूस डब्यांचीं तीन मापें, उजव्या बाजूस प्रत्येकाचें भाडें, आणि खालीं भाव लावण्यापूर्वीं काय काय वजा करावयाचें त्याची यादी. अक्षर काकूंच्या धाकट्या सुनेचें आहे. गटांतल्या बायका भाव लावावयाच्या आधीं तें पाहून जातात.